बांधीतली पंगत

पेपरात माहा एक कान छापून आला. बाकीचा मी कापला गेलो.

फोटोत खुशबू मधात उभी, हातात तिचा डबा, दोन्ही बाजूले विद्यापीठाचे साहेब, अन् पार कोपऱ्यात तो कान. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पवनी तालुक्याच्या पोरीले हवामान अन् आरोग्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस. ज्या माणसाचा आवाज त्या डब्यातून निघते त्याचा कानच तेवढा घेतला, सांगा बरं! मी त्या पेपरवाल्या पोट्ट्याले फोन लावून चांगला झाडला. म्हणे, "काका, जागा नव्हती." जागा नव्हती म्हणे! साहेबाच्या पोटाले जागा पुरली, माह्या तोंडाले नाही पुरली.

जाऊ द्या. डोकं गरम करून काय फायदा. मी टेकचंद, मांडव-डेकोरेशन अन् माईकवाला. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या साली जुन्या गावात दुकान टाकलं. मंग गोसीखुर्दच्या पाण्यात ते गाव गेलं, अन् सरकारनं आखून दिलेल्या प्लॉटाईवर आम्ही नवं गाव बसवलं. गाव बदललं, धंदा तोच. लग्न असो, मंडईची जत्रा असो, बुद्धपौर्णिमा असो का कोणाची तेरवी, भोंगा टेकचंदचा अन् त्यातून बोलणाराही टेकचंदच. पण आज मले माही नाही, खुशबूची गोष्ट सांगाची आहे. कारण पेपरवाल्यानं डब्याचं लिहिलं, बक्षिसाचं लिहिलं, अन् खरी गोष्ट सोडून दिली.

खुशबू म्हणजे परसराम अन् धुरपताबाईची थोरली. माह्या घरापासून चौथं घर. परसराम राईस मिलमध्ये हमाली करते. धुरपताबाई आमच्या गावातल्या बायाईच्या टोळीची पुढारी. धानाची रोवणी असो का कापणी, टोळी धुरपताबाईच्या मागं निघते. माही घरवाली रुखमा त्याच टोळीत. काम सारं गुत्त्यानं, म्हणजे बांधी, बांध घातलेला धानाचा तुकडा, कापून द्याची अन् ठरलेले पैसे घ्याचे. लवकर आटोपलं तं दुसरी बांधी मिळते. उशीर केला तं शेतकरी हार्वेस्टर बोलावते अन् बायाईले घरी बसा म्हणते. म्हणून धुरपताबाईच्या टोळीत कोणी कंबर सीधी करत नव्हतं. बाया एका ओळीत वाकून कापतेत, जिच्या वाट्याले जेवढी पट्टी आली ती तिची पात. पात सोडून मधातच उठणं म्हणजे नाक कापून घेणं.

अन् तीच धुरपताबाई उन्हाळी धानाच्या कापणीत बांधीत आडवी पडली. भर मे महिना. कापता कापता बडबड कराले लागली, मंग इळा हातातून सुटला अन् बाई धपकन खाली. आंग तव्यासारखं तापलेलं अन् घामाचा एक थेंब नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून नेली. लय दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण डॉक्टरनं परसरामले बाजूले घेऊन सांगितलं, किडनीले धक्का बसला आहे, पुन्हा असं झालं तं माह्या हातात काही नाही.

खुशबू तेव्हा नागपूरले शिकून राहिली होती, इलेक्ट्रॉनिक्स. बसनं धावत आली. मायच्या खाटेपाशी बसली अन् रडली नाही. मले तेव्हाच वाटलं, या पोट्टीच्या डोक्यात काही तरी चालू आहे.

सात-आठ महिने गेले असतील. परत उन्हाळी रोवणी आली तशी धुरपताबाई पदर खोचून उभी! परसराम ओरडला, रुखमा ओरडली, कोणाचं ऐकलं नाही. म्हणे, "बांधीत पडली म्हणून घरी बसली, असं लोकाईनं म्हणाचं का? टोळी माही आहे. कापणीलेही मीच पुढं राहीन." बाईले मरणाची भीती नव्हती, हशाची होती. अशा माणसाशी काय बोलता तुम्ही?

त्याच दिवसात विद्यापीठात स्पर्धा निघाली. हवामान बदलून राहिलं आहे, माणसाच्या तब्येतीवर परिणाम होऊन राहिला आहे, त्यावर पोराईनं काही नवं बनवावं. बाकीच्या पोराईनं बक्षिसासाठी नाव दिलं. खुशबूनं मायसाठी दिलं. माय बांधीत जाणारच, तं तिले बांधीत वेळेवर थांबवाचं कसं, एवढी एकच गोष्ट त्या पोरीच्या डोक्यात होती.

कापणी तोंडावर आली तेव्हा ती माह्या दुकानात आली. हातात टिफीनएवढा डबा, त्याले तीन बत्त्या.

"काका, हा डबा बांबूले बांधून बांधीच्या कडेले धुऱ्यावर रोवाचा. हा ऊनही मोजते अन् हवेतली वाफही."

"वाफ कायले मोजाची? ऊन किती आहे ते तं आंगाले कळते."

"तिथंच तं फसगत आहे ना! कोरड्या उन्हात घाम वाळते, आंग थंड राहते. धानाच्या बांधीत खाली ओल, बाजूले धरणाचं पाणी. घाम वाळतच नाही. गर्मी आंगातच राहते. मायले तसंच झालं." मंग डब्यावर हात ठेवून म्हणे, "हिरवी बत्ती म्हणजे काम करा, पिवळी म्हणजे पाणी प्या, लाल म्हणजे सावलीत बसा. पण वाकलेल्या बाईले बत्ती कशी दिसन? म्हणून आवाज पायजे. तुमचा भोंगा द्या."

दिला. पोरगी शिकून काही करते म्हटल्यावर टेकचंद भाडं घेणारा माणूस नाही.

पहिल्या दिवशी दुपारी लाल बत्ती लागली अन् भोंग्यातून सायरन निघाला. ऊंऽऽऽ ऊंऽऽऽ करत असा खणखणीत वाजला, माही छाती फुगली. म्हटलं, माल आहे आपला! अन् पाहतो तं काय, बाया इळे टाकून गावाकडे पळून राहिल्या! सावलीत नाही हो, गावाकडे! रुखमा सगळ्यात पुढं. गावात त्याहून गोंधळ. कोणी धानाची पोती ट्रॅक्टरवर फेकून राहिला, कोणी बकऱ्या हाकलून राहिला, श्यामरावनं गोठ्यातले सारे बैल सोडून दिले. अहो, आम्ही धरणाची माणसं! सायरन वाजला म्हणजे गेट उघडले अन् पाणी आलं, दुसरा अर्थच आम्हाले माहीत नाही. मे महिन्यात धरणात पाणी असते किती, गेट उघडन कोण, एवढा विचार एकाही शहाण्यानं केला नाही. मीही केला नाही. सारे पळाले तसा आपलाच भोंगा आहे हे विसरून मीही पळालो, अन् दुकानाचं शटर पाडून ॲम्प्लिफायर डोक्यावर घेऊन उभा होतो, खोटं कायले बोलू?

ज्या उन्हात बायाईनं सावलीत बसाचं, त्या उन्हात अख्खी टोळी गावापर्यंत धावली. धुरपताबाई धापा टाकत ओट्यावर टेकली अन् पोरीवर बरसली, "मले वाचवाले निघाली का माराले?" सरपंचानं वेगळं झाडलं. श्यामरावचे बैल संध्याकाळी सापडले, तोवर त्याच्या शिव्या साऱ्या गावानं ऐकल्या.

खुशबूनं तोंड पाडून घेतलं नाही. सायरन काढला अन् नुसता टीं टीं आवाज लावला. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. रानडुकरं पळवाले शेतकरी असेच टीं टीं वाजणारे यंत्र लावतेत, बायाईले वाटलं तेच वाजून राहिलं आहे. दोन-तीन दिवस डबा ओरडत राहिला अन् टोळी कापत राहिली. खुशबू धुऱ्यावर उभी राहून हाक मारे, "माय, थांब ना वं!" अन् माय म्हणे, "रिकामी बसाले आली नाही मी." तिकडे विद्यापीठाचे परीक्षक पुढच्या आठवड्यात येणार होते. खुद्द बांधीवर येऊन पाहणार होते, डब्याचा उपयोग होते का नाही.

मधात लक्ष्मणरावच्या पोरीचं लग्न आलं. मांडव माहा, माईक माहा. मी पंगतीले आवाज दिला, लोक बसले, वाढणं झालं, अन् एकाएकी वावधन सुटलं. मांडवाचं कापड फडफडाले लागलं, एक खांब सुटून लोंबाले लागला. मी ओरडून राहिलो, "उठा, उठा, बाजूले व्हा!" पण उठते कोण? लोकाईनं एका हातानं पत्रावळ दाबून धरली अन् दुसऱ्या हातानं जेवत राहिले. कारण वरच्या टोकाले बसलेल्या म्हाताऱ्या वासुदेवरावचं जेवण व्हायचं होतं. त्याचं झाल्याबिगर पंगतीतून उठणार कोण? तो म्हातारा निवांत जिलेबी खाऊन राहिला होता, अन् मी इकडे खांबाले लोंबकळून!

पंगत उठल्यावर खुशबू माह्यापाशी आली. डोळे असे चमकत होते.

"काका, पाहिलं? पंगतीतून माणूस उठत नाही. मांडव आंगावर पडला तरी उठत नाही!"

"त्यात काय नवल? सारे बसल्याबिगर सुरू करत नाही अन् साऱ्याईचं झाल्याबिगर उठत नाही. पंगत म्हणजे पंगत."

"मंग झालं ना काम! रिकामं बसाले सांगितलं तं माय बसत नाही. पंगतीले कशी नाही बसन?"

मी मांडीवर थाप मारली. मंग म्हटलं, शाब्बास वं पोट्टे!

दुसऱ्या दिवशी दुकानात माहा आवाज भरला. मी पहिल्यांदा आपला नेहमीचा सुरू केला, समस्त वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती वगैरे. तिनं थांबवलं. म्हणे, "काका, तोवर बाई पडून जाईन." कापून कापून एवढंच ठेवलं: "मायबहिणींनो, पंगत बसली आहे हो! पानावर या! पंगत थांबली आहे!"

आता एक अडचण उरली होती, अन् ती डब्यातली नव्हती. आमच्या टोळीत परसरामच्या बौद्ध समाजातल्या बाया आहेत अन् आमच्या समाजातल्याही आहेत. कामाले साऱ्या एका पातीत, जेवाले मात्र दोन झाडाखाली. इकडच्या मोहाखाली, तिकडच्या बाभळीखाली. भांडण नव्हतं, पण कोणी बोलतही नव्हतं, असंच चालत आलेलं. खुशबू म्हणे, दोन झाडाखाली दोन गोळे बसले तं ती पंगत नाही, अन् पंगत नाही तं माय उठून जाईन. तिले एकच ओळ पायजे होती. आमच्याकडच्या बायाईत मोठी म्हणजे विमलाबाई. म्हातारी, कडक, स्वतःचा गडवा सोडून दुसऱ्याचं पाणी न पिणारी. खुशबू सीधी तिच्या ओट्यावर गेली अन् सारं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. विमलाबाईनं ऐकून घेतलं अन् फक्त म्हणाली, "उद्या पाहू."

परीक्षकांचा दिवस उजाडला. एक सर अन् एक मॅडम. मॅडम डॉक्टर होत्या. मी मोहापासून बाभळीपर्यंत मांडवाचं जाड कापड ताणलं, खाली ताडपत्री अंथरली, रुखमानं सकाळीच घरोघरची पेज एका मोठ्या पितळी गंजात जमा केली, मीठ-कांदा ठेवला, पळसाच्या पत्रावळ्या अन् द्रोण मांडले. ऊन चढलं. हिरवी गेली, पिवळी आली. खुशबू डब्याकडे पाहे अन् मायकडे पाहे. धुरपताबाई साऱ्याईच्या पुढं वाकून सपासप कापून राहिली होती, अन् तिची मान लालबुंद झाली होती.

लाल बत्ती लागली. भोंग्यातून मी बोललो, "मायबहिणींनो, पंगत बसली आहे हो!"

बायाईनं माना वर केल्या. एक खुदकन हसली, मंग साऱ्याच हसल्या. "अवं माय, कोणाचं लगन आहे वं?" रुखमानं इळा ठेवला अन् येऊन बसली. तिच्यामागून एकेक करत बाया आल्या अन् ताडपत्रीच्या कडेले थबकल्या. इकडच्या इकडे, तिकडच्या तिकडे. मधात जागा मोकळी. कोणी पहिलं पाऊल टाकेना.

विमलाबाई आली. साऱ्याईकडे पाहिलं. चालत गेली अन् बरोबर मधात बसली. शेजारच्या रिकाम्या पानावर हात ठेवून म्हणे, "हे धुरपताचं." बस्स! मंग सारी ओळ भरली. कोण कोणाच्या बाजूले बसलं कोणी पाहिलं नाही.

पण धुरपताबाई कुठं? ती अजून बांधीतच.

"तुम्ही जेवा वं! एवढी पात काढून आलीच मी!"

मॅडमनं खुशबूले विचारलं, "त्या तुझ्या आई ना? त्या थांबत नाहीत?" पोरीच्या तोंडावरचा रंग उडाला. साऱ्या बाया बसल्या होत्या, अन् जिच्यासाठी हा सारा खटाटोप, तीच एकटी उन्हात. मी म्हटलं, जा, हात धरून आण. ती म्हणे, "मी गेली तं अजूनच नाही येणार, काका."

तेव्हा विमलाबाईनं हाक दिली. माह्या भोंग्याची गरज नाही अशी हाक.

"धुरपता! पान वाढलं आहे!"

"तुम्ही सुरू करा ना बाई!"

"पंगत आहे का पोराईचा खेळ आहे? तू बसल्याबिगर इथं कोणी घास उचलणार नाही. म्हातारीले उपाशी ठेवणार आहे का तू?"

साऱ्या बाया हात मांडीवर ठेवून बसल्या. भुकेल्या, तहानेल्या, समोर गार पेज, अन् एकीनंही द्रोणाले हात लावला नाही. धुरपताबाईनं कंबर सीधी केली. तिनं त्या ओळीकडे पाहिलं. जन्मभर दोन झाडं पाहिलेली बाई, एक लांब ओळ पाहून राहिली होती, अन् त्या ओळीत एकच पान रिकामं. तिनं इळा धुऱ्यावर ठेवला अन् आली. विमलाबाईच्या शेजारी बसली.

मॅडमनं लगेच तिची नाडी धरली अन् मानेवर ओलं फडकं ठेवलं. हळूच खुशबूले म्हणाल्या, "अगदी वेळेवर आल्या. आणखी थोडं कापलं असतं तर कठीण होतं."

मंग विमलाबाई जेवाले लागली. अन् काय सांगू, ती म्हातारी पेज चावून खाऊन राहिली होती! पेज काय चावाची असते? एक घोट घे, तोंड हलव, कांद्याची एक फोड मोड, इकडे पाह, तिकडे पाह. साऱ्याईचं झालं, तिचं होत नाही. धुरपताबाई चुळबुळ करे, "बाई, आटपा ना." विमलाबाई म्हणे, "दात नाहीत वं मले." अन् तिरप्या डोळ्यानं त्या बत्तीकडे पाहे. सर हसता हसता पार डोळे पुसाले लागले. लाल बत्तीची पिवळी झाली तेव्हाच त्या म्हातारीनं हात धुतला.

त्या कापणीत मंग रोज पंगत बसली. पहाटे लवकर जाऊन बाया तेवढं काम भरून काढत, शेतकऱ्यालेही हार्वेस्टर बोलावता आला नाही. टोळीतली एकही बाई दवाखान्यात गेली नाही. आता आजूबाजूच्या गावाईतही बांधीवर डबा उभा राहते अन् पार त्या टोकापर्यंत टेकचंदचा आवाज जाते. पण मले अजून दिसते ते त्याच दिवसाचं शेवटचं.

विमलाबाईनं हात धुतला तरी पंगत उठली नाही. धुरपताबाई बसूनच होती. खुशबू गंजाजवळ उभी होती, सकाळपासून पोटात काही नाही, अन् आता तिचा बांध फुटला. लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडाले लागली. दवाखान्यात नाही रडली, सायरनच्या दिवशी नाही रडली, अन् सारं जिंकल्यावर रडून राहिली होती.

"कायले रडून राहिली वं?" धुरपताबाईनं ओळीत सरकून जागा केली, स्वतःच्या हातानं पान मांडलं अन् त्यात द्रोण ठेवला. "बस इथं. तुह्यं झाल्याबिगर आम्ही कोणी उठत नाही."

खुशबू बसली. रडता रडता घाईघाईनं पेज प्याले लागली तं ठसका लागला. धुरपताबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला.

"सावकाश जेव," ती म्हणाली. "मले काही घाई नाही."